काटा हलेना!

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा घरगुती आहे. माझं वजन.

हसू नका. ज्यांनी मला गेल्या दिवाळीत पाहिलंय ते नातेवाईक तर मुळीच हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांची गत माझ्यासारखीच आहे!

तर झालं असं, की गेल्या वर्षी जानेवारीत रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ती एचबीए१सी नावाची चाचणी असते, तिचा आकडा आला ६.३. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर, एक पाय आत टाकलेला. वजन ९४.२ किलो, उंची पाच फूट सहा इंच. कंबर १०४ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांसाठी ही मर्यादा ९० धरतात.

डॉक्टर म्हणाले, गोळी नंतर बघू, आधी वजन उतरवा. मी हो म्हटलं. आमच्या घरात या आजाराला 'साखर' म्हणतात आणि साखरेने माझ्या बाबांचं काय केलं ते मी पाहिलंय. त्यामुळे आढेवेढे घेतले नाहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. स्टाफरूममधल्या दोघांनी दोनच वेळा जेवायची पद्धत धरलेली होती. आपल्या विदर्भातल्याच डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे महाराष्ट्रभर पोचवलेली. नागपूरच्या काकूंनी फोनवर काढ्याची कृती सांगितली. मी आपलं मला झेपेल ते धरलं. रात्रीचा भात बंद, चहा बिनसाखरेचा, जेवणात भाकर एक, भाजी-वरण जास्त, आणि पहाटे पाच वाजता नागझरीच्या रस्त्याने जाऊन-येऊन पाच किलोमीटर.

आणि हो, एक डिजिटल वजनकाटा आणला. न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. इथूनच सगळी गंमत सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले! मी सगळ्यांना फोन केले. पुण्यातल्या लेकीला तर काट्याचा फोटोच पाठवला. मार्चच्या मध्यापर्यंत काटा ८८.४ वर आला. दहा आठवड्यांत पावणेसहा किलो. शाळेत पोरं म्हणायला लागली, सर बारीक झाले. मी मनात हिशेब मांडला (गणित शिकवतो, सवय जात नाही), की याच वेगाने गेलं तर दिवाळीला सत्तरच्या आत!

आणि मग काटा थांबला.

८८.४. ८८.६. ८८.३. ८८.५. एक आठवडा, दोन आठवडे, तीन... फिरणं चालू, भाकर एकच. उलट मी वर बैठका आणि डंबेल पण सुरू केले होते. तरी तेच. रोज सकाळी स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "किती?" आणि मी म्हणायचो, "तेवढंच." चौथ्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं. ते जास्त लागलं.

ज्यांनी हा प्रकार अनुभवला नाही त्यांना सांगून कळणार नाही. भूक सहन होते हो. पहाटे उठणं पण जमतं. पण आपण इमानेइतबारे सगळं करतोय आणि समोरचा आकडा ढिम्म, हे सहन होत नाही. आपल्याला कुणीतरी खोटं ठरवतंय असं वाटतं.

पाचव्या आठवड्यातला रविवार. आदल्या दिवशी मी अगदी शहाण्यासारखा वागलो होतो. सकाळी काट्यावर उभा राहिलो. ८८.९! वाढलं! मी उतरलो, काटा उचलला आणि कपाटावर टाकून दिला. चपला घातल्या आणि थेट स्टेशन गाठलं.

शेगावात राहून कचोरी सोडणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळायचं. तुम्ही दर्शनाला येता, दोन खाता, दहा बांधून नेता. आम्हाला तिचा वास रोज येतो. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, फाळणीमुळे पंजाब सोडून आलेल्या तीरथराम शर्मांनी आमच्या रेल्वे स्टेशनवर ही कचोरी विकायला सुरुवात केली आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी ती देशभर नेली. मुगाच्या डाळीचं तिखट सारण, बाजूला तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. तीन खाल्ल्या. उभ्या उभ्या. चौथी मागणार होतो, पण ओळखीचा एक पालक समोरून येताना दिसला म्हणून काढता पाय घेतला.

घरी आलो. आई ओसरीवर बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांना कमी दिसतं, पण नाक शाबूत.

"कचोरी खाल्ली नं?"

"हो."

"किती?"

"तीन."

मला वाटलं रागावेल. ती गहू निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बाबानं बी असंच केलं होतं. दोन-तीन महिने पाळली साखर. चहा बंद, गूळ बंद, सारं बंद. मंग रिपोट काढला, त तो जसाच्या तसा. म्हने, येवढं करून बी आकडा हलत नाई त कायले जीव मारू? त्या दिवशी सोडलं त सोडलंच."

हे मला माहीत नव्हतं. मला फक्त शेवट माहीत होता. पायाच्या बोटाची जखम, मग बोट गेलं, मग घोट्याच्या वरून पाय. २००९ साली बाबा गेले. मी आजवर समजत होतो की बाबांनी कधी पथ्य पाळलंच नाही, हट्टी होते, गोडखाऊ होते. त्यांनी पाळलं होतं. त्यांना एका आकड्याने हरवलं होतं.

आणि गंमत बघा. माझे बाबा खामगावच्या मार्केट यार्डात मापारी होते. मापारी म्हणजे शेतकर्‍याचा माल काट्यावर तोलून देणारा माणूस. अख्खी हयात काट्यापाशी गेली.

त्या रात्री झोप नव्हती. बाबांबरोबर लहानपणी यार्डात जायचो ते आठवत राहिलो. दिवाळीच्या पुढेमागे कापसाच्या गाड्या लागायच्या. बाबा गाडीत खोल हात घालून मूठभर कापूस काढायचे, मुठीत दाबायचे, सोडायचे. मग त्यातली सरकी दाताखाली धरून फोडायचे. कट्ट वाजली की माल कोरडा. चुपचाप दबली की ओला. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस जास्त भरतो, हे यार्डातल्या पोरालाही ठाऊक असतं. तो जास्तीचा भार कापसाचा नसतो, पाण्याचा असतो. आजही सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर ओला माल घेतच नाहीत. काटा खोटं बोलत नाही, पण काट्याला कापूस आणि पाणी यातला फरक कळत नाही. तो मापार्‍याने ओळखायचा असतो.

अंथरुणात उठून बसलो. अरे, मी तर रोज सकाळी ओला कापूस तोलतोय!

मग पुढचे काही दिवस वाचन केलं, डॉक्टरांना पण भंडावून सोडलं. जे कळलं ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. मी रोज तीनशे कॅलरी कमी खात असेन, तर एक किलो चरबी जायला पंचवीस-सव्वीस दिवस लागणार. म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम. आणि शरीरातलं पाणी? ते एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वर-खाली होतं. जेवणात मीठ जास्त झालं, पाणी धरलं. उन्हाळ्यात घाम जास्त गेला, उतरलं. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू दुखावतात, तिथेही दुरुस्तीसाठी पाणी साठतं. (माझ्या बैठका आठवा!) बायकांना तर महिन्याच्या चक्राप्रमाणे हा चढउतार आणखी जास्त. पोट साफ झालं नाही तरी आकडा वर.

म्हणजे मी ज्या चाळीस ग्रॅमची वाट बघत होतो, ते किलोभर पाण्याच्या लाटेखाली दिसणारच नव्हते. ट्रक मोजायच्या धर्मकाट्यावर तोळाभर सोनं ठेवायचं आणि काटा हलत नाही म्हणून सोनाराशी भांडायचं, असला प्रकार.

पहिल्या आठवड्यातल्या त्या दोन किलोंचं रहस्य पण उलगडलं. शरीर काही साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. मी ज्याचे फोटो लेकीला पाठवले ते बहुतेक पाणीच होतं. पाणी गेलं तेव्हा नाचलो आणि चरबी जात होती तेव्हा रडलो.

अजून एक गोष्ट वाचली आणि काट्याचा धाकच गेला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्याच्या लेखी दोघं सारखे. आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून चरबीचे कसे असतो हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासलंय, आणि आपल्याकडे साखर इतकी का, याचं एक उत्तर त्यात आहे. मग नुसतं वजन बघून मला माझ्याबद्दल कितीसं कळणार होतं?

पण थांबा. इथे येऊन मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती, तर हे लिहिण्यात अर्थ नव्हता. सगळाच दोष पाण्याचा नव्हता.

१९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणार्‍या माणसांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं. निघालं असं, की ती माणसं प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाल्ल्याचं सांगत होती, आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटारडी होती का? नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

हे वाचून मी चरकलो. दुसर्‍या दिवसापासून खिशात छोटी वही ठेवली. अडत दुकानात मुनीमजी दिवसभराची कच्ची नोंद ठेवतात ना, तशी. तोंडात गेलं की लिहायचं. चार दिवसांत चोर सापडले. घरचा चहा बिनसाखरेचा होता, पण शाळेतले दोन कप? 'लोकांसमोर कुठे नखरे करायचे' म्हणून गोडच घेत होतो. दोन कपांत चार चमचे साखर, म्हणजे ऐंशी कॅलरी. मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे, 'शेंगदाणे काय, पौष्टिक असतात'. असतात, पण तीस ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेदोनशे कॅलरी पण असतात. झाले अडीचशे! पोरांना शिकवतो त्या हौदासारखं. वरून नळ बारीक केला आणि खालचं भोक तसंच. रोज होत नव्हतं हे, पण ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशीची बचत जवळजवळ संपलेली असायची.

आणि तिसरं कारण असं, ज्यात दोष कुणाचाच नाही. ९४ किलोच्या देहाला जेवढं लागायचं तेवढं ८८ किलोच्या देहाला लागत नाही. वर शरीर स्वतःहून पण काटकसर करतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेला सहा वर्षं होऊन गेली होती, बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, तरी त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमीच जाळत होती. झपाट्याने, अंगावर घेऊन उतरवणार्‍यांचं हे टोकाचं उदाहरण. पण दुष्काळ पडला की घरातली बाई जशी पीठ जपून वापरते, तसं शरीर करतं एवढं त्यातून कळलं. आमच्या वर्‍हाडात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग मी काय केलं? फार काही नाही.

काटा कपाटावरून काढला, फेकला नाही. रोजचं वजन लिहायचं, पण त्यावर काही बोलायचं नाही. शनिवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या शनिवारच्या सरासरीशी ताडून बघायची. वीस-बावीस वर्षं सातवीच्या पोरांना सरासरी शिकवतोय, आणि स्वतःच्या बाबतीत रोजच्या एकेका आकड्यावर रडत होतो!

दुसरं, शिंप्याची टेप आणली. दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत कंबर मोजायची. पहिल्यांदा मोजली तेव्हाच थक्क झालो. मार्चच्या मध्यात शंभर होती, एप्रिलअखेर साडेसत्त्याण्णव. काटा सहा आठवडे एका जागी, आणि कंबर अडीच सेंटीमीटर आत! पट्टा एक भोक पुढे गेला होता, पण मी काट्याकडे बघण्यात इतका गुंग, की पट्ट्याकडे लक्षच नव्हतं.

शाळेतला चहा पण बिनसाखरेचा केला. शेंगदाणे मोजून दहा. कचोरी बंद नाही केली. महिन्यातून एक, ठरवून, बसून, चवीने. ओळखीचे पालक आले तरी चालेल.

एप्रिलच्या शेवटी रक्त तपासलं. ५.९.

लॅबच्या बाहेर स्कूटरवर बसूनच कागद वाचला. काट्यावर तेव्हाही ८८.२ होते. म्हणजे ज्या दिवसांत मी म्हणत होतो की काहीच होत नाहीये, त्याच दिवसांत आत रक्तात सगळं होत होतं. बाबांचा तो रिपोर्ट आठवला. त्यांनी अजून दोन महिने धरलं असतं तर? कुणी त्यांना म्हणालं असतं, की जरा थांबा, दुसर्‍या काट्यावर तोलून बघू, तर? माहीत नाही. त्यांच्या वेळी त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. आणि मी तेव्हा शेजारच्या खोलीत परीक्षेचे पेपर तपासत होतो.

असो.

श्रावणात श्रींची पालखी पंढरपूरहून परत येते. शेवटचा मुक्काम खामगावला, आणि तिथून शेगावपर्यंतच्या वाटेला हजारो माणसं पालखीसोबत पायी चालतात. सतरा-एक किलोमीटर. लहानपणी बाबा न्यायचे. नंतर माझं वजन वाढलं, गुडघे बोलायला लागले, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून केळी वाटणार्‍यांत गेलो. ती पण सेवाच, असं स्वतःला समजावत.

गेल्या वर्षी चाललो. अंधारात निघालो, वर बारीक पाऊस, खाली चिखल, दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी. जागोजागी लोक चहा, केळी, साबुदाण्याची उसळ घेऊन उभे. (उसळ घेतली. अर्धी वाटी. वहीत लिहिली.) मधे कुठेतरी खामगाव मागे पडल्यावर लक्षात आलं, की दोन-तीन तासांत एकदाही वजनाचा विचार आला नाही. टाळ वाजत होते, पाय चालत होते. पंढरपूरपर्यंत जाऊन आलेली ती पांढर्‍या कपड्यातली माणसं रोज किती अंतर उरलं हे विचारत नसावीत. सकाळ झाली की निघायचं, मुक्काम आला की थांबायचं.

दुपारी घरी पोचलो. आई ओसरीवरच होती. वाटलं, विचारेल किती किलोमीटर, किंवा वजन किती झालं. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "बस इथं. पाय दाखव."

मी पाय पुढे केले. तिने चिखल पुसला आणि डोळे अगदी जवळ नेऊन एकेक बोट पाहिलं. दहाच्या दहा. तळवे पण पाहिले. कुठे फोड नाही, जखम नाही.

"बरं हाय," म्हणाली, आणि आत गेली.

तुम्हाला आकडा हवाच असेल ना? गेल्या शनिवारची सरासरी ८४.९. कंबर ९४. रक्ताचा आकडा ५.६. अजून नव्वदची कंबर लांब आहे, आणि मधे पुन्हा एकदा चार आठवडे काटा हलला नव्हता. या वेळी बायकोने विचारलं "किती?", तर मी म्हटलं, "शनिवारी सांगतो."

चला, पाच वाजत आलेत. फिरायला निघतो.